लिंटलपर्यंत आलेलं घर

गाव वेदगंगेच्या काठचं, कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातलं. नाव देत नाही, कारण या कुटुंबाला अजून त्याच कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायच्या आहेत. बाईंना सगळा गाव आक्का म्हणतो आणि त्यांच्या मालकांना मामा. मी त्याच गावच्या मराठी शाळेत शिकवत होतो. निवृत्त झाल्यापासून सकाळी वाचनालयात बसून लोकांचे अर्ज भरून देतो. आक्कांची फाइल माझ्या हातून गेलेली आहे, म्हणून या हकिगतीत जिथं चूक झाली तिथं थोडी माझीही आहे.

प्रकरण असं. २०१९ च्या पुरात घर पडलं. सरकारनं घरासाठी तीन लाख मंजूर केले. ते हप्त्यानं येत असताना २०२१ मध्ये मामांची मांडी मोडली. उपचारासाठीही कर्नाटक सरकारची वर्षाला पाच लाखांपर्यंतची योजना होती आणि हे कुटुंब तिला पात्र होतं. तरी दवाखान्याचे पैसे घराच्या हप्त्यातून गेले, नवं घर लिंटलवर, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत येऊन, थांबलं आणि पुढच्या पुरात जुन्या घराचं उरलेलं माजघरही बसलं. दोन्ही योजनांत पैसा होता. कुणी एक रुपया खाल्ला नाही. मग हे झालं कसं, ते नीट मांडून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

घर

आक्कांचं घर सासऱ्यांच्या हातचं. पांढरीच्या मातीच्या दोन हात जाड भिंती, वर मंगळुरी कौलं. पुढं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर, न्हाणी आणि परड्यात गोठा. घरात माणसं पाच: हे दोघं, मुलगा, सून आणि नात. तीस गुंठे जमीन, त्यात ऊस. आक्का लग्न होऊन आल्या तेव्हापासून विड्या वळतात.

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर पाऊस कोसळला. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मलप्रभा, जिल्ह्यातल्या सगळ्याच नद्या एका वेळी पात्राबाहेर आल्या. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी चढलं आणि पुण्याहून बंगळूरला जाणारी वाहतूक थांबली. कर्नाटकात त्या वर्षी सर्वांत जास्त झळ बेळगाव जिल्ह्याला बसली. आक्कांच्या घरात छातीइतकं पाणी पाच दिवस होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही छावणीतून परत आलो, तेव्हा न्हाणी, गोठा आणि स्वयंपाकघराची मागची भिंत बसली होती. सोपा आणि माजघर उभं होतं. आक्कांनी आधी माजघरातल्या देव्हाऱ्याला हात लावून बघितला, मग रडल्या.

पाहणीला अभियंता, पंचायतीचे विकास अधिकारी म्हणजे पीडीओ आणि ग्राम लेखापाल आले. ग्राम लेखापालांना आम्ही अजून तलाठीच म्हणतो. नुकसान किती टक्के यावर अ (पूर्ण पडलेलं), ब (अर्धंमुर्धं), क (किरकोळ) असे गट होते. राष्ट्रीय निकषांप्रमाणे त्या वेळी पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात ९५,१०० रुपये बसत. कर्नाटक सरकारनं त्यात स्वतःची भर घालून पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख जाहीर केले. अर्धंमुर्धं पडलेल्याला आधी एक लाख म्हटलं होतं, ते पुढं तीन लाख झालं. किरकोळ पडझडीला पन्नास हजार. शिवाय भांडीकुंडी आणि धान्य गेल्याबद्दल घरटी दहा हजार तातडीनं मिळाले. आपत्तीत घरासाठी एवढी रक्कम देण्याचा निर्णय मोठाच होता, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. आमच्या गावात आज जी सिमेंटची घरं दिसतात, त्यातली कितीतरी याच पैशानं उभी आहेत.

आक्कांचं घर ‘ब’ गटात गेलं. रस्त्यावरून काढलेल्या फोटोत सोपा धडधाकट दिसत होता. मागून अर्धं घर गेलं होतं खरं, पण टक्क्यांच्या हिशेबात ते पंचाहत्तरच्या आत बसलं.

इथं थोडं थांबून मातीच्या भिंतीबद्दल सांगायला हवं, कारण प्रकरणाचं पहिलं मूळ तिथं आहे. पांढरीची भिंत पुरात लगेच पडत नाही. ती पाणी पिते. बाहेरून उन्हानं वाळते, पांढरी खट्ट दिसते, पण पोटात ओल धरून राहते. बुडाशी माती फुगते आणि भुसभुशीत होते, वरचं कौलांचं आणि वाशांचं ओझं तसंच असतं. मग एखाद्या पावसाळ्यात, कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या, रात्रीतून खाली बसते. हे गावातल्या कुठल्याही गवंड्याला विचारा, तो भिंतीवर थाप मारून आवाजावरून सांगेल. पण पाहणीच्या अर्जात त्या दिवशी काय पडलं एवढाच रकाना होता. काय पडणार आहे, याला रकाना नव्हता. ‘दुरुस्ती’ हा शब्द वीट-सिमेंटच्या घराला लागू पडतो. छातीइतकं भिजलेल्या मातीच्या घराची दुरुस्ती होत नाही, ते उतरवावंच लागतं.

गटाबद्दल हरकत घेता येत होती. गावातल्या काहींनी तहसीलदारांकडं घेतली आणि त्यातल्या काहींचा गट बदललाही. आक्का माझ्याकडं आल्या तेव्हा मी म्हणालो, “हरकतीत वर्ष जाईल. मिळतंय ते घ्या, मागं परड्यात दोन खोल्या बांधा, तवर माजघरात राहा.” मला तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. भिंतीवर थाप मारून बघायला मी कुणाला बोलावलं नाही.

वारसा नोंदीत चार महिने गेले. उतारा सासऱ्यांच्या नावचा, ते जाऊन अकरा वर्षं झालेली, दोन दीर पुण्याकडं. पंचायतीचे मालमत्तेचे उतारे, म्हणजे ई-स्वत्तूचे नमुना ९ आणि ११, हातात आले तेव्हा कुठं खातं पक्कं झालं.

पैसे राजीव गांधी ग्रामीण वसती महामंडळाकडून थेट आक्कांच्या बँक खात्यात येणार होते. हे महामंडळ २००० पासून राज्याच्या ग्रामीण घरांचं काम बघतं. पाया झाला की फोटो, लिंटल झालं की फोटो, छप्पर झालं की फोटो, आणि शेवटी पूर्ण झालेल्या घराचा. फोटो मोबाइलच्या ॲपवरून जागेवरच काढायचा, म्हणजे एका घराचा फोटो दुसऱ्याच्या नावावर खपत नाही. जुन्या काळी घरकुलाच्या पैशाला वाटेत किती हात लागत, ते मी बघितलेलं आहे. त्या मानानं ही सुधारणा खरी आहे. मात्र तिला एक कंगोरा आहे. टप्पा आधी बांधायचा, पैसे नंतर. ज्याच्याजवळ पहिला टप्पा बांधायला पैसे नाहीत, त्यानं आधी कर्ज काढायचं. आक्कांनी स्त्रीशक्ती बचत गटातून साठ हजार उचलले आणि वर चाळीस हजार महिना शेकडा तीन रुपयांनी घेतले. सिमेंट, खडी, सळी उधारीवर आली. पहिला लाख आला तो निम्मा दुकानदाराकडं गेला.

२०२० चा उन्हाळा टाळेबंदीत गेला. गवंडी नाही, वाळू नाही. दिवाळीनंतर भिंती वर आल्या, लिंटल पडलं, फोटो गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये दुसरा लाख खात्यावर जमा झाला. तो स्लॅबसाठी होता. मामांनी स्लॅबच्या फळ्या आणि टेकू भाड्यानं आणले. मजुरी वाचावी म्हणून टेकू लावायला ते स्वतःच वर चढले.

ती रात्र

फेब्रुवारीतला दिवस, संध्याकाळी सहाचा सुमार. फळी सरकली आणि मामा आठ-नऊ फुटांवरून खाली आले. उजवी मांडी मधोमध वाकलेली. १०८ ची गाडी अर्ध्या तासात आली आणि तिनं त्यांना तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पोचवलं. मी मागून मोटारसायकलवर गेलो नाही. दमा उठला होता, घरीच होतो. पुढचं सगळं आक्का, मुलगा आणि त्या रात्री सोबत गेलेले दोन शेजारी यांच्याकडून मी वेगवेगळं ऐकलं आणि जुळवून बघितलं. चौघांचं म्हणणं एकच आहे.

रुग्णालयाची इमारत नवी होती. एक्स-रे लगेच निघाला. कामावरच्या तरुण डॉक्टरांनी पाय फळीला बांधला, सलाइन लावलं, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं. यात काही उणं नव्हतं. मांडीच्या हाडात सळी घालायची शस्त्रक्रिया लागणार होती. त्यासाठी शस्त्रक्रिया चालू असताना हाड पडद्यावर दाखवणारं सी-आर्म यंत्र लागतं, भूलतज्ज्ञ लागतो. यंत्र तिथं नव्हतं आणि भूलतज्ज्ञ आठवड्यातले ठरावीक दिवसच येत. सरकारी रुग्णालयांवर पैसा खर्च होत नाही असं नाही. पंधराव्या वित्त आयोगानं एकट्या आरोग्यासाठी २०२१ ते २०२६ या काळात स्थानिक संस्थांमार्फत ७०,०५१ कोटी रुपये सुचवले. पण बांधकाम दिसतं, त्याचं उद्घाटन होतं, त्याला खर्च पाडायची मुदत असते. भूलतज्ज्ञाला दरमहा पगार द्यावा लागतो आणि तो तालुक्याच्या गावी राहायला तयार व्हावा लागतो. ते काम फार चिवट आहे. नव्या इमारतीतून पेशंट जुन्या कारणासाठीच पुढं पाठवला जातो.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि कन्नडमध्ये सांगितलं की बेळगावला जिल्ह्याच्या ठिकाणी न्या. डॉक्टर दक्षिणेकडचे होते, त्यांना मराठी येत नव्हतं. आक्कांना कन्नड बाजारापुरतं समजतं: दर, वजन, बस कुठली. मुलाला थोडं जास्त येतं, पण तो तेव्हा बापाचा पाय धरून बसला होता. परिचारिका मराठी बोलणारी होती, ती बाळंतिणीच्या खोलीत अडकली होती. चिठ्ठी आक्कांच्या हातात आली, त्यांनी ती घडी करून पिशवीत टाकली.

मग व्हरांड्यात विचार सुरू झाला. निपाणीहून बेळगाव पंचाहत्तर किलोमीटर आणि कोल्हापूर चाळीस. कोल्हापुरात आक्कांचे दाजी. एक शेजारी म्हणाला, “बेळगावात आपलं कोण हाय? रातच्याला तिथं कोण विचारणार? कोल्हापुरात दाजी हाईत, बोललेलं कळतंय.” दुसरा म्हणाला, “मोठ्या दवाखान्यात करोनाचं पेशंट असत्यात.” आक्कांनी विचारलं, “पैसं किती लागतील?” त्याला कुणाजवळ उत्तर नव्हतं. कोल्हापुरातल्या एका खाजगी रुग्णालयाचं नाव दाजींनी फोनवर सांगितलं. खाजगी ओमनी ठरवली, आणि रात्री साडेनऊला गाडी उत्तरेला वळली.

त्या व्हरांड्यात पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. त्या वेळात एक वाक्य मराठीतून कुणी बोलायला हवं होतं: बेळगावच्या सरकारी रुग्णालयात हे फुकट होईल, तुमचं रेशन कार्ड पुरेसं आहे. भिंतीवर योजनेची पाटी होती. ती कन्नड आणि इंग्रजीत होती.

कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. चांगली झाली, सर्जन हुशार होते. सळी, औषधं, खोली, तपासण्या धरून बिल एक लाख अडतीस हजार. अनामत दाजींनी भरली. तिसऱ्या दिवशी मुलगा परत आला आणि आक्कांच्या सहीनं घराचा लाख काढला. त्याच सुमारास कर्नाटकनं महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआरचा दाखला सक्तीचा केला होता. डबा घेऊन ये-जा करणाऱ्या मुलाला सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर तोही खर्च आणि तोही खोळंबा. बारा दिवसांनी मामा घरी आले.

त्यानंतर आठवड्यानं आक्का वाचनालयात आल्या. पिशवीतून सगळे कागद काढून टेबलावर मांडले. त्यात ती घडी केलेली चिठ्ठी होती. शिक्षक म्हणून मला कन्नडची परीक्षा द्यावी लागली होती, वाचता येतं. डॉक्टरांनी नाव, वय, मोडलेलं हाड, दिलेली औषधं सगळं लिहिलं होतं. खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं की आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेखाली पुढं पाठवत आहोत.

मी ते आक्कांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हंजे फुकट हुतं व्हय गुरुजी?” मी हो म्हणालो. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, पुन्हा त्याच घडीवर घडी घातली आणि पिशवीत ठेवली. मला त्या दिवशी पुढं एकही अर्ज भरता आला नाही.

कार्ड कुणाचं, कुठं चालतं

वाचणाऱ्यांपैकी सीमाभागात कुणी असेल तर हा भाग सावकाश वाचा, कारण याच ठिकाणी लोक फसतात.

कर्नाटकची योजना मार्च २०१८ मध्ये आरोग्य कर्नाटक नावानं सुरू झाली आणि त्याच वर्षी केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. बीपीएल म्हणजे दारिद्र्यरेषेखालचं रेशन कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. त्या रेषेवरच्या, एपीएल कुटुंबाला ठरवून दिलेल्या खर्चाच्या तीस टक्के, वर्षाला दीड लाखाच्या आत. रचना अशी की आधी सरकारी रुग्णालय. तिथं सोय नसेल तर तिथल्या चिठ्ठीवर योजनेत नोंदलेलं खाजगी रुग्णालय. जिवावर बेतलेल्या ठरावीक प्रसंगी चिठ्ठीशिवायही थेट जाता येतं.

हा चिठ्ठीचा नियम लोकांना जाचक वाटतो. मला तो तत्त्वतः पटतो. तो नसेल तर योजनेचा सगळा पैसा खाजगीकडं वाहून जाईल आणि सरकारी रुग्णालय ओसाड पडेल. योजनेतला उपचार सरकारी रुग्णालयात झाला तर त्याचे पैसे त्या रुग्णालयाला मिळतात. म्हणजे जितके पेशंट तिथं थांबतील तितकं ते रुग्णालय सावरेल. पण यासाठी चिठ्ठी देणाऱ्यानं ती समजावून द्यायला हवी. नुसती चिठ्ठी हा एक कागद आहे, आणि मोडक्या मांडीच्या रात्री माणूस कागद वाचत नाही.

सीमेपलीकडं काय? केंद्राच्या योजनेचं कार्ड देशात कुठंही नोंदलेल्या रुग्णालयात चालतं, असं लोक ऐकून असतात. पण ही सवलत २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीच्या यादीत नाव असलेल्या कुटुंबांपुरती होती. कर्नाटकनं त्या यादीबाहेरच्या बीपीएल कुटुंबांनाही आपल्या पैशानं योजनेत घेतलं. चांगलं केलं, पण राज्याच्या पैशातला लाभ राज्याच्या हद्दीत संपतो. आक्कांचं कुटुंब या दुसऱ्या प्रकारातलं. २०११ ला मामा साखर कारखान्याच्या तोडीवर गेले होते, पाहणीत नाव लागलं नाही. महाराष्ट्राची महात्मा फुले जनआरोग्य योजना होती, पण तिला महाराष्ट्राचं रेशन कार्ड लागायचं. चाळीस किलोमीटर अलीकडं पाच लाखांचं कवच, पलीकडं शून्य.

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. कर्नाटक सरकारनं त्याला कडाडून विरोध केला. हा सीमावाद १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा, १९६७ च्या महाजन अहवालानं न मिटलेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला. माझी त्या वादातली बाजू गावाला ठाऊक आहे, ती इथं मांडत नाही. एवढंच लिहितो की त्या निर्णयाची बातमी आली तेव्हा आक्कांनी मला विचारलं, “आता कुठलं कार्ड काढायचं?” मी सांगितलं, हातात आहे ते आधी वापरायला शिका. बेळगावची वाट धरा.

जुलै २०२१

लाख दवाखान्यात गेला. स्लॅब झाला नाही म्हणून फोटो नाही, फोटो नाही म्हणून तिसरा लाख नाही. फळ्या-टेकूंचं भाडं दिवसावर चढत होतं, ते परत केले. मामा सहा महिने कामाला नव्हते. मुलगा कागलच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीला जाऊ लागला. आक्का रात्री बारापर्यंत विड्या वळत.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा पूर आला, यमगर्णीला पुन्हा महामार्ग बंद. पाणी या वेळी कमी चढलं, गुडघाभर. पण माजघराच्या भिंतीला तेवढं पुरलं. पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी पहाटे ती आत बसली. सगळे शाळेत मुक्कामाला होते, म्हणून माणसं वाचली. देव्हारा गेला. उघड्या आभाळाखाली लिंटलपर्यंतच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. त्या सिमेंटच्या होत्या, त्यांना काही झालं नाही.

२०२१ च्या पुरातही घरांना मदत जाहीर झाली. मी अर्ज केला. पंचायतीत सांगितलं की या खात्यावर २०१९ ची फाइल उघडी आहे, ती पुरी झाल्याशिवाय संगणक दुसरी घेत नाही. मी म्हणालो, हे दुसरं घर आहे, जुनं, ते परड्यातलं नवं. पीडीओ भले गृहस्थ, त्यांनी वरती दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. आम्ही स्वतः तालुक्याला तीन खेपा घातल्या. मग ऊसतोड सुरू झाली आणि आक्कांनी खेपा सोडल्या.

दुसऱ्यांदा बेळगाव

२०२२ च्या उन्हाळ्यात मामांची मांडी ठणकू लागली. हाड भरलं होतं, पण सळीचं टोक टोचत होतं. ती काढायची होती. या वेळी मी सोबत गेलो. तालुक्यातून चिठ्ठी घेतली, तिथंच ती मराठीत वाचून दाखवली, आणि सकाळच्या एसटीनं आम्ही बेळगावला सरकारी रुग्णालयात पोचलो.

तिथं दारातच योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्र बसलेला. खानापूरकडचा मुलगा, आम्हाला बघताच मराठीत बोलला. रेशन कार्ड, आधार, चिठ्ठी. अर्ध्या तासात नोंद झाली. वॉर्डातले वॉर्डबॉय-मावशी, शेजारच्या खाटेवरची माणसं, निम्मी मराठी बोलणारी. आक्का त्या रात्री खाटेशेजारी चटईवर बसून मला म्हणाल्या, “गुरुजी, इथं सगळी आपलीच माणसं हाईत की.” ज्या गावात आपलं कुणी नाही म्हणून दीड लाख दुसरीकडं भरले, ते गाव असं होतं.

गर्दी होती, चार दिवस तारीख पुढं गेली, संडास दूर होते. ते खरं आहे. पण सळी निघाली, जखम भरली, औषधं मिळाली आणि आमचा खर्च एसटीचा आणि जेवणाचा तेवढाच झाला. सरकारी रुग्णालयांच्या सुधारणेवर बोलताना लोक मोठमोठी यंत्रं सांगतात. माझ्या अनुभवात त्या टेबलावरचा तो मुलगा सर्वांत मोलाचा होता. असा एक माणूस तालुक्याच्या रुग्णालयात रात्रपाळीला असता, तर आक्कांच्या घरावर २०२१ च्या मार्चमध्येच स्लॅब पडला असता.

कुठं सांधा निखळला

दोन खात्यांचे दोन संगणक आहेत आणि दोन्हींत आक्कांचा रेशन कार्ड नंबर आहे. घराच्या फाइलला ठाऊक नाही की कर्ता माणूस सहा महिने अंथरुणावर आहे. दवाखान्याच्या चिठ्ठीला ठाऊक नाही की हे घर अर्ध्यावर आहे आणि इथं एक लाख खर्चला तर छप्पर जाईल. पुराच्या अर्जाला दोन्ही ठाऊक नाही. त्या संसारात मात्र पैशाचा डबा एकच असतो. दुखणं आलं की त्या डब्यात जे असेल ते जातं. ते स्लॅबचे आहेत, याला हात लावू नये, असं कोणती बायको म्हणेल?

विड्या वळणाऱ्या बायांना हे नवं नाही. १९७६ च्या कायद्यानं विडीवर एक छोटा उपकर बसवला होता आणि त्यातून कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. त्याच एका निधीतून दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्त्या मिळत आणि घराला अनुदानही मिळे. पुढं ते घराचं अनुदान दीड लाख झालं. ओळखपत्र एक, कचेरी एक. त्या कारभारात उणिवा पुष्कळ होत्या, पण एकाच माणसाचं घर आणि दुखणं एकाच वहीत होतं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. आक्कांचं विडी कामगाराचं ओळखपत्र अजून ट्रंकेत आहे.

मी कुणी तज्ज्ञ नाही. पण ही एक फाइल मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आहे, म्हणून काही गोष्टी ठामपणे मागतो. छातीइतकं पाणी लागलेल्या मातीच्या घराला टक्के लावू नयेत, ते पडलेलंच धरावं. घराचा हप्ता चालू असताना घरात कुणी दाखल झालं, तर रुग्णालयाच्या दाखल्यावर पुढच्या टप्प्याची निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. तेवढीच रक्कम पुढं नव्या पुरात पुन्हा वाटावी लागते, त्यापेक्षा हे स्वस्त पडेल. आणि चिठ्ठीवर, पाटीवर, संमतीच्या कागदावर या पट्ट्यात मराठीही असावी. ज्या भागात पंधरा टक्क्यांहून जास्त लोक एखादी अल्पसंख्याक भाषा बोलतात, तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्र आणि राज्यांमध्ये फार पूर्वीच ठरलेलं आहे. निपाणी, बेळगाव, खानापूर या तालुक्यांत मराठी माणसं त्याहून कितीतरी जास्त आहेत. कन्नड काढून मराठी लावा असं मी म्हणत नाही. कन्नडच्या खाली एक ओळ मराठीची हवी. त्या रात्रीच्या डॉक्टरांनाही ती हवीच असती, त्यांनी आपलं काम मन लावून केलं होतं.

आज

स्लॅबचा बेत आक्कांनी सोडला. २०२३ च्या मार्चमध्ये मुलाच्या रोजंदारीतून आणि सुनेच्या कानातल्यांवर घेतलेल्या कर्जातून दोन्ही खोल्यांवर पत्रे चढले. छपराचा फोटो मी स्वतः उभा राहून काढून घेतला. महामंडळाकडून उरलेला लाख जूनमध्ये आला. त्यातले चाळीस हजार आणि थकलेलं व्याज शेकडा तीनवाल्याला गेलं, दाजींनी भरलेले अडतीस हजार फेडले. उरलेल्यात फरशी बसली. बचत गटाचं कर्ज गेल्या वर्षी संपलं. सुनेची कानातली अजून बँकेत आहेत.

माजघराची जागा मोकळी आहे. तिथं मामांनी वांगी लावली आहेत. ते आता काठी घेऊन चालतात, चढउतार जमत नाही. पावसाळ्यात पत्र्यावर आवाज फार होतो, नात झोपत नाही, म्हणून आक्का तिला घेऊन पुढच्या खोलीत विड्या वळत बसतात. २०२१ च्या पुराच्या अर्जाची पोच माझ्या कपाटात आहे. येत्या सोमवारी पंचायतीत नवे पीडीओ हजर होणार आहेत, त्यांच्याकडं ती घेऊन जायचं आम्ही ठरवलं आहे.